टारफुल्याचा वाफा

वाशीम,
रविवार, ता. २९ ऑगस्ट १९३७

चतुरा,

वडील बहिणीने धाकटीस पत्र लिहिताना आरंभी आशीर्वाद लिहावेत, अशी रीत आहे. या पत्रात ते मुद्दाम गाळले आहेत. नजरचुकीने राहिले, असा समज करून घेऊ नकोस.

घडलेल्या गोष्टी क्रमाने मांडते. प्रत्येकीची तारीख माझ्या रोजनिशीत आहे, तेव्हा तारखांवर वाद घालता येणार नाही.

ता. १३ मे. अक्षय्य तृतीयेला तुझ्या विजयमालेला सुटीसाठी पोहोचवायला मी मेडशीस आले. जेवणे झाल्यावर तुझ्या यजमानांनी मालेगावच्या स्थळाचा विषय काढला. रामरावांचे शब्द: "पोरगी चौदाची झाली, अक्का. आता कायद्याचीबी आडकाठी नाई. आनखी किती शिकोता तिले?" मी सांगितले की मुलगी चार वर्षे माझ्या घरी राहून माझ्या शाळेत शिकते आहे, वर्गात पहिली आहे, आणि मॅट्रिक झाल्याखेरीज मी तिला हलू देणार नाही. त्यापुढे जे बोलले तेही लपवीत नाही. जमीन स्वच्छ ठेवावी, पाणी वेळेवर द्यावे, तण दिसताच उपटावे. एवढे केले की काहीही वाढते, मग ते रोप असो की मुलगी. तुमच्या घरी यांतले एकही होत नाही, असे मी म्हणाले.

यावर तू हसलीस. उठून गोठ्यात गेलीस, कडब्याच्या पेंढीतून टारफुल्या तणाची दोन वाळकी रोपटी ओढून आणलीस आणि ती माझ्यापुढे तळहातावर चोळलीस. तुझे शब्द मी त्याच दिवशी लिहून ठेवले आहेत: "अवं अक्का, तू वावरात कवा पाय टाकला? हे पांढरं टारफुलं आमी उपटू उपटू मरतो, तरी येते. तुया त्या वाफ्यात एक आनून दाखव. दसऱ्यापावतर फूल दिसलं तं पोरगी मॅट्रिकपावतर तुयी. नाई दिसलं तं फाल्गुनात तिचे हात पिवळे करतो." मी "मान्य" म्हणाले. साक्षीला रामराव होते आणि तुझा दीर जानराव होता.

ता. १४ जून. विजयमाला परत आली. तिच्या ट्रंकेतून तू पाठवलेली पुडी निघाली. तिला बी म्हणणे कठीण. तपकिरीहून बारीक भुकटी.

ता. १५ ते २६ जून. अंगणाच्या पूर्वेस, गुलाबांच्या ओळीलगत, सहा फूट लांब व चार फूट रुंद वाफा तयार केला. माती तीन वेळा चाळली. दोन वर्षे कुजलेल्या पानांचे खत घातले. ढेकूळ एकही राहू दिले नाही.

ता. २७ जून. पुडीतील बी राखेत मिसळून, बोटाने आखलेल्या बारा ओळींत पेरले. त्या दिवसापासून पाणी मी स्वतः झारीने घातले.

ता. ११ जुलै. वाफ्यात परकी रोपे दिसली. त्यांत चिमण्यांनी टाकलेल्या दाण्यांची ज्वारी चौदा, माठ सहा आणि एक भेंडी. सर्व मी माझ्या हाताने मुळासकट उपटली. माझा गडी खेमा याला या वाफ्यास स्पर्श करण्याची मनाई आहे.

आज नऊ आठवडे झाले. वाफा निर्मळ आहे. एवढा निर्मळ वाफा या तालुक्यात दुसरा नसेल. त्यात टारफुल्याचे एकही रोप नाही.

आता निष्कर्ष. तुझ्या वावरात जे न बोलावता येते, ते माझ्या अंगणात बोलावूनही आले नाही. जमीन निर्दोष, पाणी निर्दोष, निगा निर्दोष. मग दोष बियांतच असला पाहिजे. तळहातावर चोळलेले बी मी तेरा मे रोजी पाहिले आणि पुडी माझ्या हाती पडली ती चौदा जूनला. या दोहोंच्या मध्ये एक महिना होता आणि तुझी चूल होती. ते बी तू तव्यावर भाजून पाठवलेस.

तू असे का केलेस, हे विचारीत नाही. मला ठाऊक आहे. बाबांनी मला पुण्यास शिकायला धाडले आणि तुला वावरात ठेवले, हे तू माझ्या नावे धरले आहेस. परंतु बाबांनी मला धाडले ते मी बाराव्या वर्षी कपाळ पुसून घरी आले म्हणून. ती काही बक्षिसी नव्हती. शिवाय तुला शिकवण्याचा प्रयत्न मी केला आहे. १९११ च्या उन्हाळ्यात एकवीस दिवस मी तुला पाटीवर अक्षरे गिरवायला लावली. बाविसाव्या दिवशी तू आली नाहीस. कारण तू कधी सांगितले नाहीस.

एक तक्रार विजयमालेविषयी. गावठी समजुती ती तुमच्याकडून घेऊन येते आणि येथे खुशाल बोलून दाखवते. बी पेरत असताना मला म्हणाली, "मावशी, हे फूल दुसऱ्याच्या मुळातलं दूध पितं, माय म्हणते." वनस्पती दूध पीत नाहीत. मी तिला "पाहिल्यावाचून बोलू नये" हे वाक्य पंचवीस वेळा लिहायला लावले. तिने लिहिले. अक्षर उत्तम होते. ते माझ्याकडून आले आहे.

बी भाजले की नाही, याचे उत्तर आठ दिवसांत लेखी पाठव. जानरावाच्या तोंडी निरोप चालणार नाही.

गोमती


वाशीम,
रविवार, ता. १२ सप्टेंबर १९३७

चतुरा,

मी लेखी उत्तर मागितले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जानराव बैलांच्या शिंगांचा रंग धोतराला लावून माझ्या ओसरीवर येऊन बसला आणि त्याने तोंडी निरोप सांगितला. तो असा: "वयनी म्हने, मी बी कायले भाजू? माहीच पोरगी हाये ना त्यात. अक्काले म्हना, उत्तर येऊन राह्यलं, जरा दम धरा." मी विचारले, एका कार्डाला दम कशाला लागतो? तर म्हणतो, "लागते ना बाई. ज्याचं त्यालेच ठाऊक." आणि आपल्याशीच हसला. तुमच्या घरात हसण्याला फार स्वस्ताई आहे.

कार्ड परवा आले. ते तुमच्या गावच्या शाळामास्तराकडून लिहवून घेतलेले दिसते. ज्याच्या हातून ते उतरले त्या गृहस्थाच्या हवाली मुले केली जातात, हे वाचून अंगावर काटा आला. अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. काही ओळीखाली घसरलेली. ऱ्हस्व-दीर्घाची तर ओळखच नाही. पहिल्या तीन ओळींत एकोणीस चुका निघाल्या. त्या मी लाल शाईने दाखवल्या आहेत आणि कार्ड पाकिटात घालून याच टपालाने परत करते आहे. तिसऱ्या ओळीपुढे मी वाचले नाही. अशुद्ध लेखन शेवटपर्यंत वाचणे म्हणजे त्याला परवानगी देणे होय, हा माझा शाळेतला नियम आहे आणि तो मेडशीसाठी मोडण्याचे कारण दिसत नाही. मास्तरांना सांग की शुद्ध प्रत पाठवावी, मग वाचीन.

दरम्यान मी बियांची परीक्षा केली. पुडीत उरलेल्या भुकटीची चिमूट ओल्या टीपकागदावर बशीत ठेवली. शेजारच्या बशीत त्याच कागदावर मोहरी ठेवली. मोहरी तिसऱ्या दिवशी फुटली. टारफुला चौदा दिवसांतही फुटला नाही. याहून स्वच्छ पुरावा कोर्टातही मिळत नाही. बी मेलेले आहे.

जानरावाला मी दोन्ही बश्या दाखवल्या. त्याने वाकून पाहिले आणि मान हलवली. "बाई, कागदावर कसं येईन ते? तुमच्या वाफ्यात काय नाई ते पाहा ना." वाफ्यात काय नाही! वाफ्यात सर्व आहे. जे नाही ते तुझ्या पुडीत नव्हते. हे मी त्याला ऐकवले. तो उठला, धोतर झटकले, आणि विजयमालेच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला. माझ्याकडे त्याने पाहिलेही नाही.

जाताना त्याने रामरावांचा निरोप मात्र सांगितला: दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दमणी घेऊन ते स्वतः येणार आणि फूल नसेल तर मुलीला बसवून नेणार. मालेगावकरांना तसा शब्द गेला आहे.

माझा निर्णय ऐकून ठेव. मेलेल्या बियांवर घातलेली अट मी पाळणार नाही. रामरावांना दमणी आणायची असेल तर आणावी. रिकामी परत न्यावी लागेल. मुलगी जायची नाही.

गोमाशीसारख्या सतावणाऱ्या एका गोष्टीकडेही तुझे लक्ष वेधते. माझ्या स्वयंपाकाच्या सोनीबाईने न्हाणीच्या मागे जोंधळे पाखडले आणि तेथे ज्वारी उगवली. खेमाला ती उपटायला दोनदा सांगितले. तो "व्हय बाई" म्हणतो आणि करीत नाही. माझ्या स्वतःच्या आवारात माझे शब्द तणासारखे पायाखाली जातात आणि मला उत्तर देते ती तुमच्या वऱ्हाडची ही "व्हय बाई". तुम्ही सारे एकाच मातीचे आहात.

शुद्ध प्रत लेखी हवी.

गोमती


वाशीम,
रविवार, ता. २६ सप्टेंबर १९३७

चतुरा,

चौदा दिवस उत्तर नाही. गप्प बसणे हा अडाण्याचा शेवटचा बालेकिल्ला असतो. त्यात तू खुशाल राहा. मला जे सांगायचे ते मी सांगते.

काल विजयमालेच्या ट्रंकेत, परकरांच्या घडीखाली, एक कागद सापडला. त्यात तीच तपकिरी भुकटी होती. विचारले तेव्हा तिने लपवले नाही. पुडी माझ्या हाती देण्याआधीच तिने त्यातले निम्मे बी काढून घेतले होते.

"कोणी सांगितले?" मी विचारले.

"कोणी नाही."

"आईने?"

"आईनं नाही, मावशी."

"मग कशासाठी?"

यावर ती गप्प राहिली. ते गप्प राहणे मी ओळखते. ते तुझे आहे. गळ्याशी हनुवटी ओढून, नजर पायाच्या अंगठ्यावर रोवून उभे राहायचे. १९११ साली ते मी एकवीस दिवस पाहिले आहे.

आता चित्र पूर्ण झाले. निम्मे बी तव्यावर गेले आणि निम्मे चोरीला गेले. मला मिळाला तो उरलेला कोंडा. चार वर्षे मी या मुलीला खरे बोलायला शिकवले. तू महिनाभराच्या सुटीत तिला चोर केलेस. दुसऱ्याची मुलगी वाढवणे सोपे नसते, चतुरा, पण स्वतःच्या मुलीला मावशीच्या ट्रंकेत हात घालायला लावणे त्याहून कठीण असले पाहिजे. ट्रंक तिचीच होती, हे मान्य. हात तुझा होता.

मी तिला शिक्षा केली आहे. दसऱ्यापर्यंत जेवण, झोप आणि शाळा एवढेच. माझ्याशी अथवा सोनीबाईशी एक शब्द नाही. तिने शिक्षा निमूटपणे घेतली. मात्र सकाळी शाळेच्या आधी ती न्हाणीमागे जाते आणि बराच वेळ तेथे असते. पाणी शेंदल्याचा आवाज येतो. रडत असावी. रडू द्यावे.

वाफ्यात अद्याप काही नाही. मी आजही सकाळी पाणी घातले.

तुझ्या मौनाचे कारण लेखी कळव.

गोमती


वाशीम,
शनिवार, ता. ९ ऑक्टोबर १९३७

चतुरा,

पहिल्या पत्राप्रमाणे याही पत्रात गोष्टी क्रमाने मांडते. क्रम मोडला तर मला हे लिहिता येणार नाही.

गुरुवार, ता. ७. शाळेला नवरात्राची सुटी होती. न्हाणीमागची ज्वारी उपटली की नाही, हे पाहायला मी स्वतः गेले. पाच धांडे उभे होते. पिवळे पडलेले, कमरेएवढेच वाढलेले. दोघांनाच कणीस, तेही बोटभर. त्यांच्या बुडाशी कोणीतरी लहान दगडांचे कडे केले होते आणि कोंबड्या येऊ नयेत म्हणून तुराट्या रोवल्या होत्या. त्या कड्यात टारफुल्याची अकरा रोपे होती. सातांना फुले होती. पांढरी, तांदळाच्या कणीएवढी, वीतभर काडीवर एकाआड एक. मी ती दोनदा मोजली.

खेमाला हाक मारली.

"खेमा, ही ज्वारी उपटायला तुला तीनदा सांगितले होते."

"व्हय बाई. तीनदाच."

"मग?"

"मंग काय, जवारी हाये ते. उभं पीक उपटाले आपला हात नाई होत."

"आणि हे?"

"हे टारफुलं. थे तं येनारच. जवारीच्या मुळीले तोंड लावल्याबिगर त्याचा जीव धरत नाई. लेकराइलेबी ठाऊक हाये हे." मग तो अगदी मनापासून म्हणाला, "बाई, तुमी त्या वाफ्यात हेच पेरलं होतं काय? आमाले वाटलं, तुमी कोनतं तरी व्रत करून राह्यल्या. रोज पानी, आन् मातीच माती."

माझा गडी तीन महिने समजत होता की मी मातीची पूजा करते आहे. त्याने कोणाला सांगितले असेल, याचा विचार मी सध्या करीत नाही.

ऐकीव गोष्टीवर मी विश्वास ठेवीत नाही. मी खुरपे मागवले, बसले आणि एका रोपाची मुळी धांड्याच्या मुळीपर्यंत मोकळी केली. टारफुल्याची मुळी ज्वारीच्या मुळीला जळूसारखी चिकटली होती. ओढली तेव्हा ज्वारीची साल घेऊन निघाली. आता मी ते पाहिले आहे. "मग या पाच धांड्यांचे काय?" मी विचारले. खेमा म्हणाला, "फूल पाहिजे तं कनीस सोडा लागते, बाई."

विजयमाला दारात उभी होती. तिच्यावर बोलण्याची बंदी आहे, हे लक्षात येऊन मी ती बंदी तेथल्या तेथे उठवली.

"हे तू लावलेस?"

"हो, मावशी."

"ज्वारीशिवाय येत नाही, हे तुला ठाऊक होते?"

"हो."

"मग मला सांगितले का नाहीस?"

ती खाली पाहत नव्हती. "सांगतलं होतं, मावशी. पंचवीस डाव लिहिलं बी."

शाळेच्या भाषेत बोलणारी मुलगी तेवढ्यापुरती तुझ्या भाषेत गेली. मी तिला दुरुस्त केले नाही. तिने पुढे सांगितले ते असे: ज्वारीजवळ पेरायला मावशीला सांग, असे तूच तिला निघताना बजावले होतेस. तिने सांगायला तोंड उघडले आणि मी तिच्या हाती पाटी दिली. मी ऐकणार नाही, हे तिने आधीच ओळखले होते. म्हणून ट्रंकेतच निम्मे बी काढून ठेवले होते. "मले मॅट्रिक व्हायचं हाये," ती म्हणाली. "तुमच्या वाफ्याच्या भरवशावर राह्यली असती तं फाल्गुनात बोहल्यावर उभी असती."

सोनीबाई चुलीपाशी हसली. माझ्या घरातही हसण्याला स्वस्ताई आली आहे.

शुक्रवार, ता. ८. जानराव आला. दमणी पंधरा तारखेला किती वाजता आणावी, हे रामरावांनी विचारायला धाडले होते. मी त्याला फुले दाखवली. त्याने पागोटे काढून डोके खाजवले. "आली ना," म्हणाला. मग मी विचारले, माझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पत्रांना उत्तर का नाही? तुमचे शाळामास्तर एक शुद्ध प्रत लिहू शकत नाहीत काय?

"मास्तर?" तो म्हणाला. "कोनता मास्तर? मास्तराचा काय संबंध बाई. थे कार्ड वयनीनं सोता लिवलं."

मी म्हणाले, चतुराला लिहिता येत नाही.

"आता येते ना. विजीनं सुटीत शिकोलं तिले. महिनाभर दोघी चुलीपुढं बसून. राखेवर बोटानं, मंग पाटीवर. थ्या एका कार्डाले चार दिस लागले. लिवे, पुसे, आमाले कोनाले जवळ येऊ देये नाई. मी म्हनलं, मी सांगतो ना तोंडी. तं म्हने, नाई, अक्काले लेखी लागते." मग त्याने आवाज उतरवला. "तुमचं लाल कार्ड आलं, वयनीनं उभ्या उभ्या पाह्यलं, आन् पाटी उतरंडीच्या मांगं टाकून देल्ली. तवापासून लिवाचं नाव नाई."

मी त्याला पाणी दिले.

आता माघारी घ्यायच्या गोष्टी. बी भाजले हा आरोप मागे. तू फसवलेस हा आरोप मागे. तू उपाय सांगून पाठवला होतास. विजयमालेला चोर म्हटले ते मागे. "अडाण्याचा बालेकिल्ला" हे शब्द मागे. मेडशीच्या ज्या मास्तराला मी कधी पाहिले नाही, त्याचीही मी अपराधी आहे. त्याला हे कळवण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट, जी तू कधी सांगितली नाहीस असे मी पहिल्या पत्रात लिहिले. ते अर्धेच खरे होते. बाविसाव्या दिवशी तू का आली नाहीस, हे मला त्याच दिवशी ठाऊक होते. एकविसाव्या दिवशी तू स्वतःचे नाव लिहून आणलेस. कोणी न सांगता. "चतुरा" एवढेच. ते आखलेल्या रेघेला धरून नव्हते. मी काही बोलले नाही. ओले फडके घेतले आणि पाटी पुसून तुझ्या हाती परत दिली. तू दहा वर्षांची होतीस, मी सोळा. त्यानंतर सव्वीस वर्षांनी तू मला दुसऱ्यांदा काही लिहून दाखवलेस आणि मी तेच केले. फक्त या वेळी शाई लाल होती.

मागे न घ्यायच्या गोष्टीही लिहिते, म्हणजे तुला गैरसमज नको. मे महिन्यात तू माझ्या तोंडावर सांगू शकली असतीस. ज्वारी लागते, हे दोन शब्द होते. तू ते मुलीबरोबर पाठवलेस, कारण मी ऐकणार नाही हे पाहण्याची तुलाही हौस होती. मुलीच्या आयुष्यावर पैज लावलीस आणि मीही ती घेतली; त्यात आपण दोघी सारख्या आहोत. त्याबद्दल तुझ्यावरचा माझा राग कमी झालेला नाही.

आता निकाल. फूल माझ्या आवारात आले, तुझ्या बियांतून आले आणि दसऱ्याच्या सात दिवस आधी आले. कोणताही वकील मला जिंकलेली ठरवील. परंतु तुझे शब्द "तुया त्या वाफ्यात एक आनून दाखव" असे होते, आणि माझ्या वाफ्यात काही आले नाही. जे आले ते माझा हुकूम न पाळल्यामुळे आले. पैज मी हरले. माझ्या हरण्यावर कोणी वाद घालावा, हे मला खपणार नाही.

म्हणून मुलीला ठेवण्याचा माझा हक्क संपला. दुसऱ्या पत्रातली "रिकामी दमणी" मी पुसते. तिने राहावे की मालेगावला जावे, हे तू ठरवायचे आहेस. रामरावांनी नाही आणि मीही नाही. तिला विचारून ठरव. तिचे म्हणणे मी वर तिच्याच शब्दांत दिले आहे. माझे म्हणणे तिला मॅट्रिक होऊ द्यावे असे आहे, आणि ते माझ्या शाळेसाठी नाही. जी मुलगी एका महिन्यात तुला लिहायला शिकवते, तिने माझ्यापेक्षा चांगली मास्तरीण व्हावे, अशी माझी इच्छा आहे. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. तुझ्या कार्डाला चार लागले होते, तेव्हा तू समजशील.

तू राहू दे म्हणालीस तर पंधरा तारखेला रामरावांशी मी बोलेन आणि मालेगावकरांना शब्द परत घेतल्याचा कमीपणा माझ्या नावे घालीन. ने म्हणालीस तर तिची ट्रंक मी स्वतः भरीन. वाफा मी खेमाला दिला आहे. पुढच्या वर्षी त्यात तो काय लावतो, ते मी विचारणार नाही.

सोबत तुझे जुने कार्ड हवे होते. ते तुझ्याकडे आहे की चुलीत गेले, ठाऊक नाही. मी तीनच ओळी वाचल्या होत्या. खाली आणखी पाच होत्या, एवढे आठवते. त्या पाच ओळींत काय होते, ते मला हवे आहे. मी काल रात्रभर आठवून पाहिले. तिसऱ्या ओळीत "अक्का, ते एकटं" असे शब्द होते आणि त्यावर माझी लाल रेघ होती.

जानराव उद्या सकाळच्या मोटारीने निघतो. त्याच्याजवळ हे पत्र, एका ज्वारीच्या धांड्यासकट टारफुल्याचे एक रोप ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि माझा पत्ता घातलेले एक कोरे कार्ड देते आहे. कार्डावर मी रेघा आखलेल्या नाहीत. लाल शाईची दौत विजयमालेच्या ट्रंकेत आहे आणि ट्रंकेची किल्ली तिच्या गळ्यात.

चि. सौ. चतुरा हिस वडील बहिणीचे अनेक आशीर्वाद.

उत्तर तेरा तारखेच्या आत पाठव. लेखी पाठव. तुझ्या हाताने.

गोमती